मागच्या चाकाची पिन

थ्याम-हिंगने ती मोटारसायकल घरी आणली त्या दिवशी सिन-ओ गावात कुणाच्याही पोटात दुखलं नाही. सव्वाशे सीसीची गाडी, वय एकवीस वर्षं, आणि त्यातली बरीचशी गॅसच्या टाक्या वाहण्यात गेलेली. मागचे शॉक बसलेले, सीट फाटून आतला फोम बाहेर आलेला, सायलेन्सरला बोट जाईल एवढी भोकं. विकणारा गॅसवाला सरळ माणूस होता. तो म्हणाला, "इंजिन चांगलंय, हिंगदादा. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

बाकीचं हिंग बघत आला, त्याला आता नऊ वर्षं झाली.

सिन-ओ हे कालवांचं गाव. तैवानच्या पश्चिम किनाऱ्यावर अशी गावं पुष्कळ आहेत आणि त्या सगळ्यांचं लोखंडाशी हाडवैर आहे. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की तो वाळूबरोबर मीठही आणून टाकतो. इथल्या गाड्या चालून चालून म्हाताऱ्या होत नाहीत, उभ्या उभ्या गंजतात. त्यामुळे बंदरावरून घरी आलं की हिंग आधी गाडीला आंघोळ घालायचा, मग स्वतः करायचा. बादलीभर गोडं पाणी, कोरडं फडकं, आणि मग इंजिनातून काढलेलं जुनं तेल ब्रशने स्पोकना, चेनच्या झाकणाला, स्टँडच्या स्प्रिंगला. नवं तेल असल्या कामाला वापरणारा माणूस त्याच्या मते एक तर श्रीमंत तरी असतो किंवा मूर्ख तरी.

त्याची बायको सिउ-किम दारातच कालवांचा ढीग घेऊन बसलेली असायची. डाव्या हाताने सुरी चालवत, शिंपली उघडून मांस वाडग्यात टाकत ती हे सगळं बघायची.

"चाळीस-पन्नास वर्षांत माझ्या अंगाला कधी एवढं तेल लावलंस का रे?"

"तू कुठे गंजतेस?" हिंग म्हणायचा.

"हा गुडघा बघ की."

गुडघ्याचं खरं होतं. सिउ-किमचा उजवा गुडघा अर्ध्याच्या पुढे वाकत नसे. आयुष्यभर बुटक्या स्टुलावर बसून कालवं फोडली की गावातल्या बायकांचं हेच होतं. आणि म्हणूनच हिंगने या गाडीत जे काही बदल केले ते सगळे मागच्या बाजूला केले. स्वतःसाठी फक्त हँडल तेवढं चार बोटं वर घेतलं, कारण कंबर वाकत नव्हती. बाकी सारं तिच्यासाठी. मागच्या सीटचा फोम तीन बोटं कापून सीट खाली आणली. उजव्या बाजूचं फूटरेस्ट जाड पट्टी जोडून वीतभर खाली आणि पुढे घेतलं, म्हणजे पाय जवळजवळ सरळ ठेवता येईल. ग्रामकार्यालयाने भंगारात टाकलेल्या एका खुर्चीची पाठ कापून आणली आणि ती सीटच्या मागे चार बोल्टनी बसवली. पहिल्या प्रयत्नात ती तिरकी बसली. दुसऱ्यात सरळ बसली, पण ब्रेक मारला की कुरकुरायची. तिसऱ्या खेपेला मध्ये सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले तेव्हा कुठे गप्प झाली.

शेजारचा आ-त्साय कुंपणावर हात ठेवून म्हणाला, "आता वर एक छत्री लाव आणि दोन्ही बाजूंना झालर सोड. लोक देवीची पालखी समजून उदबत्ती लावतील."

"लावू देत," सिउ-किम म्हणाली. "माझ्यासाठी कधी कोण लावणार?"

या पालखीत बसून ती आठवड्यातून दोनदा गावाबाहेर पडायची. मंगळवारी बाजार. शुक्रवारी शहरातला दवाखाना, जिथे तिच्या गुडघ्याला शेक द्यायचे. चौदा किलोमीटर जायचं, चौदा यायचं. बस होती, पण दिवसातून दोन, आणि तिच्या पायऱ्या गुडघाभर उंच. खरं सांगायचं तर दवाखान्यापेक्षा तिला जाण्यायेण्याचीच गोडी जास्त. येताना मत्स्यतळ्यांच्या बांधावर हिंग गाडी थांबवायचा, दोघं भाजलेलं रताळं खायची आणि गावातल्या लोकांना नावं ठेवायची. हिंगला विचारलं असतं, तुझ्या आयुष्यात आता काय राहिलंय, तर त्याने शुक्रवार असं सांगितलं असतं.

त्या शुक्रवारावर टाच आणली त्यांच्या मुलीने.

हुई-चन तायचुंगला नोकरी करायची. महिन्यातून एकदा यायची आणि रोज संध्याकाळी फोनवर दिसायची. त्या शरद ऋतूत हिंगने एकदा किटली गॅसवर ठेवली आणि बंदरावर निघून गेला. किटली गेली. पुढच्या आठवड्यात त्याने मुलीला आ-त्सायच्या बदकांची हकिगत सांगितली आणि दोन दिवसांनी तीच पुन्हा, तेवढ्याच उत्साहाने सांगितली. हुई-चनचा चेहरा फोनमध्ये लहान दिसायचा, पण काळजी पूर्ण मापाची दिसायची.

"बाबा, गावात स्मरणशक्तीची तपासणी व्हायची आहे. करून घ्या. तुम्ही एकटे असता तर मी काही बोलले नसते. गाडीवर मागे आई असते."

"माझ्या डोक्याला काय धाड भरलीय?"

"काही नसेल तर घाबरता कशाला?"

असं कुणी म्हटलं की हिंगचा तोल जायचा. तो म्हणाला, "ठीक. नापास झालो तर गाडीची किल्ली तुझी. झालं समाधान?"

सिउ-किमने सुरी थांबवून त्याच्याकडे बघितलं, पण शब्द तोंडातून गेला होता. हिंग दिलेला शब्द फिरवणारा माणूस नव्हता. ही त्याची एकच चांगली सवय, असं सिउ-किम म्हणायची, आणि तीसुद्धा नेमकी नको तिथे आडवी येते.

बुधवारी गावच्या सभागृहात म्हातारी मंडळी जेवायला जमली तेव्हा शहरातून एक मुलगी तपासणीच्या कागदांचा गठ्ठा घेऊन आली होती. चुणचुणीत पोरगी, गळ्यात ओळखपत्र. सगळ्यांना आजोबा-आजी म्हणत होती. तिला संध्याकाळच्या आत आणखी दोन गावं उरकायची होती.

"आजोबा, आज तारीख काय?"

"सशाचं साल, दहावा महिना, सतरा."

तिने कागदावर काहीतरी केलं. "वय किती तुमचं?"

"शहात्तर."

"जन्मतारीख?"

"तिसऱ्या महिन्यातली आठ."

"तुमचा फोन नंबर?"

"मी मला कशाला फोन करू?"

"वीसमधून तीन वजा करत चला, आजोबा."

हे त्याने इतक्या वेगाने केलं की पोरीला बोटाने मागे मागे यावं लागलं. मग आईचं आडनाव, घर कुठे, हे असलं. शेवटी ती कागदावरून पेन उचलून म्हणाली, "चार चुकले, आजोबा. काळजी करू नका, सुरुवातच आहे. घरच्यांना हा कागद दाखवा, मोठ्या दवाखान्यात जाऊन या."

हिंगने कागदाच्या चार घड्या केल्या आणि खिशात घातला. समोर त्याच्या आवडीचा कालवांचा भात होता. त्याने तो आ-त्सायकडे सरकवला.

कुठले चार, हे त्याने विचारलं नाही. विचारायला भीती वाटली. आपल्याला सगळं बरोबर आल्यासारखं वाटतंय आणि तरी चार चुकले, म्हणजे चुकलेलं आपल्याला कळतही नाही, इथवर मजल गेली, असं त्याने धरलं. घरी येऊन सिउ-किमला त्याने फक्त सांगितलं, की कागद शनिवारी हुई-चन आली की बघू.

गुरुवारी सकाळी त्याने गाडीचं मागचं चाक काढलं. ब्रेकचे शू झिजले होते, ते बदलायचे महिनाभर राहिले होते. गाडी द्यायचीच तर धडधाकट करून द्यायची. वर्तमानपत्र पसरून त्यावर ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने भाग मांडणं आणि कोर गेलेल्या एका भाताच्या वाडग्यात बारीकसारीक ठेवणं, ही त्याची रीत. वाडगा रिकामा झाला की काम झालं. पण त्या दिवशी हात कामावर होते आणि मन खिशातल्या कागदावर. ड्रम घासला, शू बसवले, दोन थेंब ग्रीस लावलं, चाक चढवलं, चेनचा ताण बोटाने बघितला, आसाचा नट आवळला. मध्येच वारा सुटला, वर्तमानपत्र उडालं, ते धरायला उठला. परत आल्यावर चाक फिरवून बघितलं. छान, आवाज न करता फिरत होतं. हातातलं फडकं वाडग्यावर टाकून त्याने वाडगा फळीवर ठेवला.

शुक्रवारी तो सिउ-किमला घेऊन दवाखान्यात गेला. जाताना हळू, येताना आणखी हळू. बांधावर रताळं खाताना ती म्हणाली, "आज तुझं तोंड का असं?"

"वारा लागतोय," तो म्हणाला. हा शेवटचा शुक्रवार आहे हे त्याला सांगता आलं नाही. अर्धं रताळं त्याने तिलाच दिलं.

शनिवारी हुई-चन आली. हिंगने पोरीला धड बसूही दिलं नाही. कागद टेबलावर ठेवला, त्यावर किल्ली ठेवली आणि खुर्चीवर बसून राहिला. सिउ-किमने कागद बघितला, किल्ली बघितली आणि ॲप्रनला हात पुसत राहिली.

हुई-चनने कागद उघडला. बराच वेळ वाचला.

"बाबा, तारीख काय सांगितली होती तुम्ही?"

"दहाव्यातली सतरा. बुधवार होता ना?"

"इथे लिहिलंय, अकरावा महिना, एकोणतीस."

"ती सरकारची तारीख. सरकारच्या तारखेला पाणी उतरतं का?" हिंग चिडलाच. "ज्याला ओहोटी बघून समुद्रात उतरायचंय तो चंद्राचीच तिथी सांगणार. सतराव्या तिथीला पाणी किती वाजता उतरतं ते विचारायचं होतं तिने मला."

हुई-चन उठली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली. बुधवारच्या चौकटीत मोठा एकोणतीस होता आणि त्याच्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरात, दहावा महिना, सतरा. ती परत येऊन बसली.

"वय शहात्तर?"

"आईच्या पोटातलं वर्ष धरून. सगळे धरतात."

"कार्डावर चौऱ्याहत्तर आहे."

"कार्डावर असणारच. तुझे आजोबा माझी नोंद करायला वर्षभराने गेले. कालवांचा हंगाम होता, म्हणाले पोरगं जगतंय का ते आधी बघू. जन्माची तारीख कारकुनाने मनानेच घातली, ती मी कशाला पाठ करू?"

हुई-चनने तोंडावर हात धरला. आधी खांदे हलले, मग ती मोठ्याने हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "म्हणजे तीन बरोबर. आणि फोन नंबर तर मलाही माझा पटकन आठवत नाही. बाबा, तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. त्या पोरीने तुम्हाला परदेशातल्या माणसासारखं तपासलं." तिने किल्ली उचलून त्याच्या हातात दिली. "घ्या. मी परत कधी बोलणार नाही."

हिंगने किल्ली मुठीत घट्ट धरली. तीन दिवस छातीवर जातं घेऊन फिरला होता. सिउ-किम म्हणाली, "नुसते बसलात काय दोघं? हुई-चन, दुकानातून आलं आण. आज मासा करते."

मुलगी दुकानात गेली आणि हिंग शीळ घालत गाडीकडे गेला. दवाखान्याच्या वाटेवर खुर्चीची पाठ पुन्हा किंचित कुरकुरली होती, तिचे बोल्ट बघायचे होते. त्यासाठी त्याने फळीवरून वाडगा खाली घेतला. वर फडकं होतं. फडकं काढलं तर वाडग्यात एक कॉटर पिन. नवी कोरी, दोन्ही पाय सरळ, वाकवलेलीच नाहीत.

मागच्या चाकाच्या आसाचा नट खाचांचा असतो आणि त्या खाचेतून ही पिन आरपार घालून तिचे पाय वाकवायचे असतात. ती असली की नट सुटत नाही. नसली तर आज सुटेल की महिन्याने, काही सांगता येत नाही. गुरुवारी त्याने ती घातली नव्हती, आणि शुक्रवारी तो सिउ-किमला मागे बसवून अठ्ठावीस किलोमीटर फिरवून आला होता.

तो चाकाशेजारी खालीच बसला आणि नटाला हात लावायला गेला. बोटाला काहीतरी लागलं. खाचेत तार होती. समुद्रात कालवांसाठी रोवलेल्या बांबूंचे सांधे आवळायला वापरतात ती जस्ताची तार, आसाच्या भोकातून ओवलेली, तीन पीळ देऊन टोक आत दुमडलेलं. टोक आत दुमडायचं, म्हणजे पाण्यात कुणाचा हात फाटत नाही. सगळं गाव तसंच करतं. पण पीळ उलटा होता, डावखुऱ्या माणसाचा. घरात डावखुरं एकच माणूस होतं.

तो पिन हातात धरून दारात गेला. सिउ-किम मासा खरवडत होती.

"हे तू केलंस?"

तिने पिन बघितली आणि परत माशाकडे बघितलं. "शुक्रवारी तू हेल्मेट शोधत होतास तेव्हा. पक्कड तिथेच होती."

"तुला कसं कळलं?"

"नऊ वर्षं तुला ती घालताना बघतेय. मी काय नुसती कालवंच फोडते?" तिने खवले झटकले. "बसायच्या आधी मी सीटवर फडकं मारते ना, तेव्हा बघून घेते. सगळं. नट, चेन, पेट्रोलचं झाकण."

"कधीपासून?"

"गेल्या नववर्षापासून."

"कितीदा सापडलं काही?"

"ही तिसरी खेप. एकदा तेलाचं बूच अर्धवट होतं. एकदा आरशाचा नट, तो काही एवढा नव्हता."

हिंग उंबऱ्यावर टेकला. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त तिची माया आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे राग आल्यासारखा आवाज निघाला. "मग बोलली का नाहीस? आत्ता पोरीसमोर तरी बोलायचंस."

"बोलले असते तर काय केलं असतंस? गाडी सोडली असतीस? गाडी सोडली नसतीस. मला मागे बसवणं सोडलं असतंस." तिने मासा उलटा केला. "मग मी शुक्रवारी काय या दारात बसून आ-त्सायची बदकं मोजू?"

तिने सांगितलं ते अगदी तसंच झालं असतं. तो उठला, गाडीपाशी गेला, पकडीने तार कापली आणि पिन खाचेत घातली. पाय वाकवले नाहीत. पक्कड घेऊन तो परत दारात आला आणि ती तिच्यासमोर धरली.

"चल. वाकव."

"हात माशाचे आहेत माझे."

"असू देत. गाडीला चालतं."

ती गुडघा सांभाळत आली, खाली बसता येत नव्हतं म्हणून खुर्चीच्या पाठीला धरून वाकली, आणि पिनेचे दोन्ही पाय उलटसुलट वाकवले. त्याने हात लावून बघितलं. घट्ट होती.

तेवढ्यात हुई-चन आलं घेऊन आली आणि दोघांना असं वाकलेलं बघून थबकली. हिंगने तिला सगळं सांगितलं. पिन, बूच, आरसा, काही राखलं नाही. शब्द तपासणीत नापास होण्याचा होता आणि तपासणीत तो पास होता, पण तेवढी पळवाट धरायला त्याचं मन झालं नाही. सांगून झाल्यावर त्याने खिशातून किल्ली काढून पुन्हा पोरीपुढे धरली.

हुई-चनने किल्ली घेतली नाही. आईकडे बघितलं. आईने मान हलवली, नाही म्हणून.

"मग आता काय ठरलं तुमचं?"

"आता उघडायचं मी आणि शेवटची पिन घालायची हिने," हिंग म्हणाला. "हिने बघितल्याशिवाय चाक हलणार नाही."

"आणि उद्या आईच विसरायला लागली तर?"

हा विचार हिंगने केलेला नव्हता. सिउ-किमने मात्र केलेला होता, बहुतेक बऱ्याच दिवसांपूर्वी.

"मग दोघं बसने जाऊ," ती म्हणाली. "तो मला वर ढकलेल, मी त्याला कुठे उतरायचं ते विचारेन. आणि शेजारी शेजारी बसू. नऊ वर्षं नुसती याची पाठ बघतेय मी."